मामाजींचा उतार

वर चढणाऱ्यांचं कौतुक सगळं जग करतं. पण खाली उतरण्यावर अख्खा जीव ओवाळून टाकणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि माझ्या नशिबाने ते माझे सासरे निघाले. आमच्या गोंदियाकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींनी तीस वर्षं एसटीची बस चालवली, त्यातली बरीचशी सालेकशाहून दरेकशाकडे जाणाऱ्या घाटरस्त्याने. पश्चिमेकडच्या लोकांना हा घाट दाखवला तर "याला घाट म्हणता?" असं विचारून ते हसतील. पण धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, पोळीसारख्या सपाट रस्त्याने साऱ्या जिल्ह्यात फिरणाऱ्या आम्हाला तेवढी चार वळणं आणि तेवढं जंगल घाट म्हणायला पुरतं. मामाजींना तर ते हिमालयाइतकं होतं. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, नाहीतर नातवंडांना. मामाजी इलेक्ट्रिक गाडीच्या नादी लागले, आणि गाडीमुळे उताराच्या.

गाडी खरं तर माझ्या यजमानांनी घेतली होती, दुसऱ्याची वापरलेली, गोंदियातल्या गोंदियात फिरायला. पुढे त्यांची नोकरी नागपूरला गेली आणि गाडी गोंदियालगतच्या फुलचूरला आमच्या अंगणात उभी राहिली. मामाजी तिच्याकडे वळूनही बघत नसत. "आवाज नाही, धूर नाही, गेर नाही. हे गाडी हाये का मिक्सर हाये?" असं म्हणून त्यांनी तिला पहिल्याच दिवशी निकालात काढलं होतं. मी घाटावरच्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सालेकशापर्यंत बस, तिथून मिळेल ती जीप आणि शेवटचा तुकडा पायी, असा माझा रोजचा प्रवास होता. एकदा तापातून उठून शाळेत निघाले, तेव्हा सासूबाई मामाजींना म्हणाल्या, "अजी, तीस वरस दुनियेले पोचवलं, घरच्या सुनेले एक दिवस पोचवून द्या ना." मामाजी उठले, किल्ली घेतली आणि तोंड वाकडं करून त्या मिक्सरमध्ये बसले.

 त्यांनी मला शाळेपाशी सोडलं, दिवसभर गावात जुन्या ओळखी काढत बसले आणि संध्याकाळी परत निघालो. घाटाच्या तोंडाशी आल्यावर सवयीने त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, आणि गाडी कोणी हळूच मागे ओढावी तशी आपणहून आवरली गेली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मामाजींचा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता. मग त्यांची नजर समोरच्या पडद्यावरच्या आकड्याकडे गेली. वर एक्केचाळीस टक्के चार्जिंग होतं, पायथ्याशी त्रेचाळीस झालं होतं. त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, मागे जाऊन पाहिलं, वाकून खालूनही पाहिलं.

"बेटा," ते खिडकीतून आत डोकावत म्हणाले, "हे वाढून राहिलं."

मी त्यांना मला समजलं होतं तेवढं सांगितलं: उतारावर चाकंच मोटरला फिरवतात, त्यातून वीज तयार होते, ती बॅटरीत जाते आणि त्याच ओढीने गाडी आवरली जाते. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि गाडी वळवून पुन्हा घाट चढायला लागले. खात्री करायला. पुन्हा खाली आलो, पुन्हा आकडा वाढला. तरी त्यांचं समाधान होईना, म्हणून तिसऱ्यांदा वर गेलो. तीनदा उतरून सहा टक्के मिळाले, आणि त्यासाठी दोनदा चढण्यात किती गेले हे मी हळूच सांगायला गेले, तर ते म्हणाले, "चढावाचं नको सांगू. चढाव तं कोनालेबी खातो. देनारा उतार पाह्य." त्या दिवसापासून माझी बस, जीप आणि पायपीट कायमची बंद झाली.

मामाजी मला सोडायला येत असं म्हणणं त्यांना आवडायचं नाही. ती त्यांची फेरी होती. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटायची. दोन हॉर्न द्यायचे आणि निघायचं, मग प्रवासी बसलेला असो वा नसो. प्रवासी एकटी मीच. पहिले काही महिने मी मोठ्यांचा मान म्हणून मागच्या सीटवर बसत असे. एकदा डबा विसरला म्हणून मी धावत आत गेले, बाहेर येते तर अंगण रिकामं. मामाजी फुलचूर नाक्याच्या पुढे जाऊन, आरशात मागची सीट रिकामी दिसल्यावर परत आले. मी घुश्शात दारात उभी होते. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "गाडी टायमावर सुटली, बेटा. पॅसेंजर लेट झाला." सासूबाईंनी त्यांना त्या दिवशी जे ऐकवलं ते मी लिहू शकत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या सीटवर बसायला लागले, आणि मला टाकून जाणं त्यांना अवघड झालं.

गाडी चालवताना ते चप्पल काढून ठेवत. पायाला उतार समजला पाहिजे, म्हणत. ब्रेकला हात लावणं, म्हणजे पाय लावणं, हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. ब्रेक मारावा लागला म्हणजे आधीचं पाहण्यात आपली चूक झाली. त्यामुळे पुढच्या वळणापलीकडे म्हैस आहे की नाही याचा अंदाज ते अलीकडच्या वळणावरूनच बांधत, आणि बहुतेक वेळा म्हैस असे. एकदा वाटेतल्या आमगावच्या चौकात एक मोटरसायकलवाला अचानक आडवा आला आणि मामाजींना कचकन ब्रेक दाबावा लागला.  पुढे दोन किलोमीटर गेल्यावर ते हळहळून म्हणाले, "पाव टक्का गेला ना माहा."

या टक्क्यांनी आमचं घर भरून गेलं होतं. शेजाऱ्यांनी "काय मामाजी, कसं काय?" असं विचारलं की मामाजी "शहाऐंशी" असं उत्तर देत. जेवताना, वरणभातावर तूप पडता पडता, आज घाटाने किती दिलं याची चर्चा होई. घराचा जिना उतरताना अर्ध्यात थांबून ते एकदा मला म्हणाले, "हे सारं वाया जाऊन राहिलं, बेटा." रात्रभर गाडी चार्जिंगला लावणं सासूबाईंना मंजूर नव्हतं, झोपण्याआधी त्या जाऊन प्लग उपटून टाकत, कारण मोबाइल फुगतो तशी गाडीही फुगेल अशी त्यांना धास्ती होती. एसीबाबत मामाजींचा नियम असा, की चढावर एसी नाही, सपाटीवर एसी नाही, उतारावर हवा तेवढा. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर मऊ होतं. तरी सुट्टीतल्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी वरच्या शाळेत जाताना अख्खी सपाटी मी डोक्याला ओला दुपट्टा बांधून काढत असे आणि परतीच्या घाटाची वाट बघत असे. घाट लागला की मामाजी राजासारखे बटण दाबत आणि म्हणत, "घे. हे आपल्या घरची हवा."

पण त्यांचं खरं रूप गावातल्या लोकांना कळलं ते वजनावरून. उतरताना गाडीत वजन जास्त असलं की मिळतंही जास्त, हा शोध त्यांना लागला. झालं! संध्याकाळी शाळा सुटल्यावर मामाजी खाली जाणारी माणसं शोधत फिरू लागले. त्यातही अंगाने भरलेली असतील तर उत्तम. आमचे मुख्याध्यापक चांगले दोन माणसांच्या वजनाचे होते. त्यांना तर ते हाताला धरून पुढच्या सीटवर बसवत आणि मला मागे धाडत. कोणी बाई भोपळे घेऊन बाजाराला निघाली असेल तर "सारे घे, मावशी, एकबी नको ठेवू" म्हणून डिकी भरून घेत. जवळच्या कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत म्हाताऱ्या यात्रेकरूंना खाली पोचवण्यात त्यांना इतका आनंद झाला की लोक त्यांना पुण्यवान समजू लागले. सकाळी मात्र हीच माणसं पायथ्याशी वर जाण्यासाठी हात दाखवत उभी असत, तेव्हा मामाजींना समोरच्या झाडावर काहीतरी फार महत्त्वाचं दिसत असे. शेवटी मुख्याध्यापकांनीच एकदा त्यांना गाठलं.

"काऊन जी मामाजी? सायंकाळी हाताले धरून नेता अन् सकाळी आमाले वळखतबी नाही?"

मामाजी लाजले. खरंच लाजले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळीही गाडी थांबवायला सुरुवात केली. फक्त मुख्याध्यापक चढले की आकड्यावर एक कागद चिकटवत, म्हणजे आपल्याला दिसायला नको.

वरच्या गावात मामाजींचे एक जुने स्नेही होते, मंगरूदादा. थोडी शेती आणि उरलेल्या वेळी जंगलखात्याची कामं, असा त्यांचा संसार. मामाजींच्या बसने त्यांनी आयुष्यभर ये-जा केलेली. दिवसभर गाडी त्यांच्या अंगणातल्या आंब्याखाली उभी राहायची आणि ओसरीतल्या प्लगवर चार्ज व्हायची. मंगरूदादा गाडीला पाहुण्यासारखं वागवत. दुपारी ऊन फिरलं की गाडीवर पोती टाकत. गावात वीज दिवसातून दोन-चारदा जायचीच, त्यामुळे निघायच्या वेळी आकडा ऐंशीच्या आसपास असे, आणि आमचं छान चाललं होतं.

एके दिवशी मात्र वीज गेलीच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही नाही. गावात तो चर्चेचा विषय झाला होता. शाळा सुटल्यावर मी मंगरूदादांच्या अंगणात गेले तर दोघंही गाडीसमोर हात जोडून उभे असल्यासारखे उभे. पडद्यावर शंभर. मामाजींनी शंभर आकडा कधी पाहिलाच नव्हता. मंगरूदादांची छाती फुगली होती. "डायवरसाहेब, माह्या घरून आज तुमची गाडी पोटभर जेवून जाऊन राहिली," ते म्हणाले.

त्या दिवशी मुख्याध्यापक रजेवर होते, गाडीत आम्ही दोघंच. घाटाच्या तोंडाशी मामाजींनी रोजच्यासारखा पाय उचलला. गाडी आवरली नाही. ती सरळ धावत सुटली. मामाजींनी पाय आणखी वर घेतला, जणू काही तो आधी पुरेसा उचललाच नव्हता. वेग वाढतच होता आणि पहिलं वळण समोर येत होतं. "धरून बस, बेटा," ते एवढंच म्हणाले, आणि त्यांचा अनवाणी पाय ब्रेकवर गेला. दाब, सोड, दाब, सोड. चेहरा दगडासारखा झाला होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर असे बसले होते, जणू मागे पन्नास माणसं आहेत. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणानंतर रस्ता थोडा सपाट होतो, तिथे त्यांनी गाडी कडेला उभी केली. जळकट वास आला.

 मामाजी दार उघडून बाहेर गेले आणि दगडावर बसले. मी पाणी नेऊन दिलं. 

"वास आला का?" त्यांनी विचारलं.

"आला, मामाजी."

"तीस वरस हाच वास अंगाले होता. तुह्या सासूले इचार. माहे कपडे ती वेगळे धुवत होती. चढायले भेव नाही लागत, बेटा. गाडी नाही चढली तं उभी राहील, अजून काय होईल. उतरायले भेव लागते. मागं लेकरं, बाया, कोनी झोपलेलं, कोनी गाने म्हनून राहिलं. त्यायले वाटे डायवर हाये ना. अन् डायवरच्या पायाखाली ब्रेकची एक पट्टी अन् तिचा हा वास. रोज खाली आलो का मी एक मिनिट उतरून टायरले हात लावत होतो. कंडक्टर म्हने, हवा पाहून राहिले. मी हवा नव्हतो पाहत."

"कधी कोणाला सांगितलं नाही तुम्ही?"

"डायवरले भेव लागते हे सांगाची गोष्ट हाये का?" मामाजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "या गाडीनं पहिल्या दिवशी मागून धरलं ना, तवा मले वाटलं, कोनीतरी हाये बाबा आपल्यासंगं. तीस वरसात पहिल्यांदा. अन् आज तिनंच हात सोडला. काऊन सोडला?"

लग्न होऊन आले तेव्हापासून मी या माणसाला टक्के, टाइम आणि म्हशी यांच्यापलीकडे ओळखतच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मी गाडीत जाऊन तिची माहितीपुस्तिका काढली आणि त्या दगडाशेजारी उभी राहून चाळली. सापडलं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावरची वीज घ्यायला तिच्यात जागा नसते, म्हणून गाडी आपणहून आवरली जात नाही, ब्रेक वापरावा.

"मामाजी, तिने हात नाही सोडला," मी म्हटलं. "तिचं पोट भरलंय. जागाच नाही."

 पुस्तिका हातात घेऊन, चष्मा लावून, ते दोन ओळींचं वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं. आणि एकदम खदखदून हसायला लागले. रस्त्याने सायकलवर जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला, तरी त्यांचं हसू थांबेना. "म्हंजे मंगरूनं केलं हे! पोटभर जेवू घातलं मंगरूनं!" उरलेला घाट आम्ही बैलगाडीच्या वेगाने, ब्रेकवर, हसत हसत उतरलो.

दुसऱ्या दिवशी मंगरूदादांना सांगणं हे मात्र घाटापेक्षा अवघड काम ठरलं. "जेवनाच्या सुट्टीत प्लग काढत जा, दादा. गाडीले थोडी भुकी ठेवा लागते," मामाजी म्हणाले. मंगरूदादांचा चेहरा पडला. "माह्या दारातून पाहुना अर्धपोटी जाईल? कोनी आयकलं तं काय म्हनन?" तास-दीड तास बोलणी चालली. शेवटी तडजोड अशी झाली की गाडी भुकेली जाईल, पण तिच्या वाट्याचं मामाजी जेवतील. तेव्हापासून मामाजींना रोज दुपारी मंगरूदादांकडे भात आणि कसली ना कसली रानभाजी पोटभर खावी लागे, आणि आमच्या सासूबाई रात्री विचारत, "तुमाले घरचं काऊन गोड लागत नाही आजकाल?"

पुढच्या वर्षी माझी बदली गोंदियाजवळच्या गोरेगावला झाली. बदली मीच मागितली होती, घरापासून जवळ म्हणून. आदेशाचा कागद मी मामाजींना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि "चांगलं झालं" म्हणाले. मग अंगणात जाऊन, तीन दिवसांपूर्वीच धुतलेली गाडी पुन्हा धुवायला लागले. गोंदिया ते गोरेगाव रस्ता धानाच्या बांध्यांतून कसा सपाट जातो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

शेवटच्या दिवशी शाळेतला निरोप झाला, मंगरूदादांनी गाडीच्या बोनेटला आंब्याच्या पानांची माळ घातली, आणि आम्ही निघालो. घाटाच्या तोंडाशी मामाजींनी गाडी थांबवली, चप्पल घातली आणि खाली उतरले. दर रविवारी मैदानात आणि कालव्याच्या रस्त्यावर त्यांनी मला गाडी शिकवली होती, पण घाटात चक्राला कधी हात लावू दिला नव्हता. माझ्या बाजूचं दार उघडून ते म्हणाले, "तिकडं जा. तू घे."

मी घेतली. पाय उचलला तशी गाडीने मागून धरलं. पहिल्या वळणावर माझं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. मामाजी आता काहीतरी सांगतील, वळण लवकर घे म्हणतील, म्हैस आहे म्हणतील, म्हणून मी कान देऊन होते.  शेवटी मी चोरून पाहिलं. मामाजी समोर बघत नव्हते, आकड्याकडेही बघत नव्हते. खिडकीची काच खाली करून, कोपर बाहेर टेकून ते दरीकडे बघत होते. सागाची पानं अजून पुरती झडली नव्हती आणि खाली, झाडांच्या मधून, पाण्याची एक पांढरी रेघ चमकत होती.

"बेटा, इथं नाला हाये?"

"हो मामाजी. बारा महिने असतो."

"बारा महिने," ते म्हणाले. पुढच्या वळणावर त्यांना दगडावर बसलेली माकडं दिसली, त्याच्या पुढे कोणाचं तरी कौलारू घर आणि दारात वाळत घातलेली लाल साडी. प्रत्येक गोष्ट ते मला मान वळवून दाखवत होते, आणि त्यातली प्रत्येक मी कितीतरी वर्षं जीपच्या खिडकीतून पाहिलेली होती. मी तसं म्हटलं नाही. घाट संपत आला तसा मामाजींनी माझ्याकडे न बघताच हात थोडा वर केला, कंडक्टर करतो तसा.

"हळू घे, बेटा. पाहू दे."